छंदाच्या दुकानातील न लिहिलेले खाते

तबल्याची पुडी फाटली तर ती कुठे बदलून मिळेल? पेटीचा एक सूर चिकटतो, तो काढून देणारा कोणी आहे का? मंडळाच्या बैठकीत हे प्रश्न आता वरचेवर निघतात. वीस वर्षांपूर्वी असे विचारावे लागत नव्हते. ज्याच्या घरी पेटी किंवा तबला होता, त्याचा एक ठरलेला दुकानदार असायचा. डॉक्टर आणि शिंपी असतो तसा.

छंदाचे सामान विकणारा दुकानदार आणि त्याचा ग्राहक यांच्या नात्यात सध्या काय घडते आहे, याचा हा विचार आहे. उदाहरण वाद्यांच्या दुकानांचे घेतले, कारण आपल्या घरांशी त्यांचा संबंध जवळचा आहे. परंतु फाइन आर्ट्सच्या विद्यार्थ्यांना रंग-ब्रश देणारे, उत्तरायणाला पतंग-मांजा देणारे, तिकिटे-नाणी विकणारे, जुने कॅमेरे दुरुस्त करणारे यांच्या बाबतीतही मुद्दा तोच आहे.

बडोद्याला संगीताची परंपरा सांगायला नको. सयाजीराव महाराजांच्या काळात १८८६ साली मौलाबक्षांच्या देखरेखीखाली येथे गायनशाळा सुरू झाली. तिचीच पुढची पायरी म्हणजे सुरसागराजवळचे आजचे म्युझिक कॉलेज. गाणे शिकणारे विद्यार्थी, भजनी मंडळे, कीर्तनकार, शाळा आणि नवरात्रीतले गरब्याचे ताफे एवढे गिऱ्हाईक असलेल्या शहरात वाद्यांची दुकाने टिकून राहिली यात नवल नाही. नवल याचे की गिऱ्हाईक कमी झालेले नसतानाही ही दुकाने अडचणीत आहेत.

दुकानदार नेमके काय विकतो?

वरवर पाहता तो वस्तू विकतो. तबला-डग्गा, पेटी, तंबोऱ्याच्या तारा, हातोडी, गवसणी. पण पालक पहिल्यांदा मुलासाठी तबला घ्यायला जातात तेव्हा दुकानदाराचा पहिला प्रश्न किमतीचा नसतो. तो विचारतो, "साथ कोणाला करायची? शिक्षक कोण आहेत?" पुरुष गायकाच्या काळी एकला लागणारा तबला साधारण साडेपाच इंच तोंडाचा असतो. बाईंच्या काळी चारला पाच-सव्वापाच इंचांचा बरा. मोठ्या तोंडाचा तबला ताणून ताणून वरच्या सुरात चढवला तर पुडी लवकर जाते. हे माहीत नसलेला माणूस चित्र पाहून घेतो आणि सहा महिन्यांनी समजते की घरच्या पेटीशी हा तबला लागतच नाही.

पावसाळ्यात चामडे सैल पडते, पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात. तेव्हाही तोच माणूस लागतो. शिवाय कोणते शिक्षक नव्या विद्यार्थ्यांना घेतात, गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिकेला बसणाऱ्या मुलीला स्वतःचा तंबोरा हवा की नको, कोणाच्या घरी वापरात नसलेली चांगली पेटी पडून आहे, ही माहितीही त्याच्याकडेच असते.

आम्ही बँकेत लागलो तेव्हा नवे खाते उघडायला एका जुन्या खातेदाराची ओळख लागत असे. तो अर्जावर सही करायचा आणि त्या सहीवर विश्वास ठेवून बँक अनोळखी माणसाचे खाते उघडायची. केवायसी आल्यावर ही पद्धत गेली. छंदाच्या जगात मात्र अशी ओळख देण्याचे काम आजही दुकानदार करतो. जुनी पेटी एका घरातून दुसऱ्या घरात जाते ती त्याच्या शब्दावर. या शब्दाचे तो पैसे घेत नाही. त्याची वसुली वस्तूच्या नफ्यातून होते, असा आजवरचा न लिहिलेला करार होता.

हिशेब कुठे बिघडला?

वस्तू आता फोनवर मिळते. सल्ला मात्र अजून दुकानातच मिळतो. त्यामुळे लोक दुकानात जातात, पेट्या वाजवून पाहतात, कोणते रीड चांगले ते विचारतात, फोटो काढतात आणि घरी येऊन ऑनलाइन मागवतात. पेटी प्रवासात हलली, एखादा सूर बोलेना, की ती घेऊन पुन्हा त्याच दुकानात.

समजण्यापुरते आकडे धरू. पेटी दुकानात १८,००० रुपयांना आणि ऑनलाइन १५,५०० ला आहे. दुकानदाराला पेटीमागे २,७०० सुटतात. तो महिन्याला आठ पेट्या विकायचा, म्हणजे २१,६०० रुपये. किरकोळ सामानाचे ८,००० आणि वीस दुरुस्त्यांचे प्रत्येकी ३०० प्रमाणे ६,०००. एकूण ३५,६००. भाडे, वीज आणि मदतनीस मिळून २०,००० गेले की घरी १५,६०० न्यायचे. आता आठाऐवजी तीन पेट्या विकल्या जातात. दुरुस्त्या वाढून पंचवीस झाल्या, कारण बाहेरून आलेल्या पेट्याही त्याच्याकडेच येतात. ८,१०० अधिक ८,००० अधिक ७,५००, म्हणजे २३,६००. खर्च तोच. हातात राहिले ३,६००.

या हिशेबात दुकानदाराचे काम कमी झालेले नाही, उलट वाढले आहे. त्याची कमाई मात्र ज्या रकान्यात होती तो रिकामा होत चालला आहे. आता दुरुस्तीचा दर ३०० ऐवजी ८०० धरून पाहा. पंचवीस दुरुस्त्यांचे २०,००० होतात, एकूण ३६,१०० आणि खर्च जाऊन १६,१००. म्हणजे तीनच पेट्या विकूनही तो पूर्वीच्या जागी उभा राहतो. आकडे काल्पनिक असले तरी दिशा खरी आहे.

बँकेच्या बाजूनेही एक अडचण असते. मालावर कॅश क्रेडिट देताना बँक खपणारा माल धरते. बरेच महिने पडून असलेला माल कर्जाच्या हिशेबातून वगळला जातो. किराणा पंधरा दिवसांत फिरतो. चांगली सतार मात्र योग्य गिऱ्हाईक येईपर्यंत दोन वर्षेही भिंतीवर टांगलेली असते. तपासणीला गेलेला अधिकारी तिला न खपणारा माल म्हणतो आणि नियमाप्रमाणे तो चूक नसतो. छंदाच्या दुकानाला लागणारा धीर बँकेच्या कागदात बसत नाही. तो ग्राहकाने पुरवायचा असतो.

ग्राहकाची बाजू

याचा अर्थ सगळा दोष ग्राहकाचा, असे नाही. स्वस्त मिळते तिथून घेणे हा अपराध नव्हे, विशेषतः दोन मुलांच्या शिकवण्या सांभाळणाऱ्या घरात. दुकानदारांच्याही काही सवयी जुन्या झाल्या आहेत. किमतीची चिठ्ठी नसते, ओळख असेल तर एक भाव, नसेल तर दुसरा. "दोन दिवसांनी या" म्हणतात आणि दोन आठवडे जातात. बिल मागितले की चेहरा बदलतो. मुलगी स्वतःसाठी तबला पाहायला आली तरी बोलणे तिच्या वडिलांशी चालते. नव्या पिढीला अशा ठिकाणी संकोच वाटतो आणि फोनवर तो वाटत नाही. ऑनलाइन विक्रेत्याने गिऱ्हाईक नेले त्यात स्वस्ताईबरोबर या गोष्टींचाही वाटा आहे.

काही दुकानदार आता "आमच्याकडून घेतलेले नसेल तर दुरुस्त करणार नाही" असे सांगतात. राग समजण्यासारखा आहे, पण धोरण म्हणून ते त्यांच्याच तोट्याचे आहे, हे वरच्या हिशेबातून दिसते. बाहेरून आलेले वाद्य हे त्यांचे उद्याचे काम आहे. त्याला नकार देण्यापेक्षा त्याची पूर्ण मजुरी सांगणे बरे.

कर आणि सरकारी योजना

या व्यवसायाच्या अडचणींचे खापर अनेकदा जीएसटीवर फोडले जाते. वस्तुस्थिती अशी की हाताने बनवलेल्या देशी वाद्यांवर २०१७ पासून कर शून्य आहे आणि केवळ माल विकणाऱ्याला गुजरातसारख्या राज्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेला छोटा विक्रेताही ऑनलाइन मंचावर माल विकू शकतो, मात्र फक्त आपल्या राज्यात. म्हणजे बडोद्याचा दुकानदार सुरतेला विकू शकेल, मुंबईला विकायचे तर नोंदणी हवी. ही मर्यादा छोट्यांना जाचते, पण कर हे मूळ दुखणे नव्हे.

खरी उणीव दुसरीकडे आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व नंतर २ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, खेळणी बनवणारे असे १८ व्यवसाय त्यात आहेत. वाद्ये बनवणारा किंवा दुरुस्त करणारा असा स्वतंत्र व्यवसाय या यादीत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट. पण मिरजेचा तंबोरा बडोद्यात आल्यावर त्याची जवारी काढून देणारा हात इथे नसेल, तर मानांकनाचा कागद काय कामाचा?

दुकानासाठी कर्ज लागलेच तर मुद्रा योजना आहे. ५०,००० पर्यंत शिशु, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण. यासाठी तारण लागत नाही, पण उलाढाल दिसावी लागते. इथे यूपीआयचा उपयोग होतो. क्यूआरवर आलेला प्रत्येक रुपया खात्यात नोंदला जातो आणि कर्ज देणाऱ्याला तो दिसतो. दुरुस्तीचे पैसे रोख हातावर टेकवण्यापेक्षा यूपीआयने द्यावेत ते यासाठी.

आपल्याला काय करता येईल?

पहिली गोष्ट मजुरीची. दुकानदाराने पुडी बदलणे, शाई दुरुस्त करणे, पेटीचे सूर जुळवणे, भाता बदलणे यांचे दर फलकावर लिहावेत आणि आपण ते घासाघीस न करता द्यावेत. वाद्य कुठून घेतले हे मग कोणी लपवायला नको. नुसता सल्ला घ्यायला गेलो तरी निदान तारा, गवसणी किंवा हातोडी तिथूनच घ्यावी.

दुसरी गोष्ट संस्थांची. उत्सव मंडळे, भजनी मंडळे आणि शाळा हे या दुकानांचे मोठे गिऱ्हाईक आहेत आणि उधारी थकवण्यातही तेच पुढे असतात. गणपतीत नेलेल्या वाद्यांचे भाडे दिवाळीनंतर मिळते आणि मागायला गेले की "मंडळाचेच काम आहे, काका" असे ऐकावे लागते. घरच्या गिऱ्हाइकाची उधारी शे-दोनशेची असते, संस्थेची हजारांत जाते. लहान दुकानाला बुडवते ती हीच. संस्थांनी निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली विसर्जनानंतर आठ दिवसांत द्यावी. मंडळाच्या वाद्यांची वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात, तपासणी एका दुकानाकडे ठरावीक रकमेत सोपवता येईल. दुकानदाराला त्यातून खात्रीचे उत्पन्न मिळते आणि ऐन कार्यक्रमात आपली पेटी अडत नाही.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे पुढचा हात. पुडी चढवणे, शाई घोटणे, रीड घासून सुरात आणणे ही कामे पुस्तकातून येत नाहीत. ज्यांना ती येतात त्यांची मुले नोकरीत गेली आहेत आणि त्यांना दोष देता येत नाही. वर्षभर एका-दोन तरुणांना विद्यावेतन देऊन अशा कारागिरांकडे शिकायला पाठवणे ही मंडळाच्या ऐपतीतली गोष्ट आहे. वार्षिक कार्यक्रमाच्या सजावटीचा थोडा खर्च वाचवला तरी तेवढी तरतूद होईल. त्याचबरोबर वाद्यकारागिरांचा विश्वकर्मा यादीत समावेश व्हावा, असे निवेदन आपल्या खासदारांकडे देता येईल. म्युझिक कॉलेजच्या प्राध्यापकांनीही त्यावर सह्या केल्या तर त्याला वजन येईल.

बंद खाते पुन्हा चालू करायला अर्ज, कागदपत्रे आणि वेळ लागतो, पण ते होते. दुकान बंद झाले आणि कारागीर घरी बसला की तसा अर्ज करायला जागाच राहत नाही. म्हणून मंडळाच्या पुढच्या बैठकीत आपल्या वाद्यांची यादी, कोणती दुरुस्ती बाकी आहे आणि कोणत्या दुकानाचे किती देणे राहिले आहे, हे तीन रकाने भरून ठेवावेत अशी सूचना आहे. देणे असेल ते गणेशोत्सवाच्या आधी चुकते करावे.