वॉकर म्हणजे चालणारा नव्हे

जातीवर चर्चा सुरू झाली की एक मुद्दा हमखास पुढे येतो. 'आडनावावरून धंदा कळणे तर जगभर आहे. इंग्लंडमध्येही स्मिथ, टेलर, बेकर आहेतच. मग जातीच्या नावाने फक्त आम्हालाच दोष का?' आपल्यातले शिकलेले तरुणही यावर कधीकधी गप्प बसतात. आम्ही म्हणतो, गप्प बसू नका, त्यातले एक आडनाव उचला आणि तपासा. तेही सोयीचे नको, सगळ्यात घाण कामाचे घ्या. आम्ही वॉकर घेतो.

वॉकर म्हणजे चालणारा, असे कुणालाही वाटेल. पण हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ज्या क्रियापदातून आला, त्याचा अर्थ लोळवणे, घुसळणे असा होता. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड विरळ आणि तेलकट असे. ते हौदात टाकून तासन् तास अनवाणी पायांनी तुडवायचे. मग तेल सुटे, धागे एकमेकांत गुंतत आणि कापड आटून दाट होई. हौदात पाणी असे, आपल्या मुलतानी मातीसारखी माती असे आणि माणसाचे शिळे मूत असे. त्यातला अमोनिया तेलकटपणा काढतो. हे मूत घरोघरी साठवून गोळा केले जाई. यॉर्कशायरच्या लोकरपट्ट्यात हा प्रकार १९व्या शतकापर्यंत चालला. या हौदात उभा राहून कापड तुडवणारा तो वॉकर. हे उत्तरेकडचे नाव. त्याच कामाला आग्नेय इंग्लंडात फुलर म्हणत आणि नैऋत्येला टकर. आजचे हे तिन्ही आडनाववाले मुळात एकाच हौदातले!

आता पुढे काय झाले ते पाहा. १२व्या शतकाच्या अखेरीस कापड कुटणाऱ्या पाणचक्क्या आल्या. ११८५च्या नोंदींत त्या सापडतात. पायांची जागा लाकडी हातोड्यांनी घेतली. आडनावे बापाकडून मुलाकडे जाऊ लागली ती साधारण याच काळापासून पुढच्या दोन-तीन शतकांत. म्हणजे अनेक ठिकाणी नाव कायमचे चिकटले तेव्हा तुडवणे मागे पडत चालले होते. १३७९च्या यॉर्कशायरमधल्या डोईपट्टीच्या याद्यांत नावापुढे धंदाही लिहिलेला आहे, आणि आडनाव एका धंद्याचे पण काम दुसरेच, अशी माणसे त्यात भेटतात. धंदा सुटला, नाव राहिले. लंडनमध्ये तर फुलरांच्या आणि कापडावरची लव कातरणाऱ्यांच्या संघटना १५२८ साली एक झाल्या आणि त्यांचा क्लॉथवर्कर्स संघ शहरातल्या बारा थोर व्यापारी संघांत बसला. १६७७ साली डायरीकार सॅम्युएल पेपिस त्याचा प्रमुख होता. हौदातल्या माणसांचा वारसा सांगणाऱ्या संघाचे प्रमुखपद घेताना त्याला विटाळ झाला नाही.

म्हणून इंग्लंड समतेचा स्वर्ग होता, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तिथे जन्मानेच जमीनदाराला बांधलेले भूदास होते. बाँड हे आडनाव त्याच थरातले. उलट ग्रेगरी क्लार्क या अर्थशास्त्रज्ञाने २०१४च्या आपल्या पुस्तकात दाखवले की १०६६च्या नॉर्मन विजेत्यांची आडनावे शेकडो वर्षांनंतरही ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या याद्यांत आपल्या वाट्यापेक्षा जास्त दिसतात. वर्ग चिवट असतो.

पण वर्ग आणि जात एक नव्हे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे निर्मूलन'मध्ये नेमके हेच मांडले: जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. वॉकरच्या मुलीने बेकरच्या घरात सून म्हणून जायला कुठला धर्मग्रंथ आडवा येत नव्हता. वॉकर सार्वजनिक विहिरीवर गेला म्हणून पाणी बाटत नव्हते. त्याने हौद सोडला की हौद त्याला सोडत होता. आपल्याकडे धंदा सोडून, गाव सोडून, पदवी घेऊनही भाड्याची खोली बघायला गेल्यावर पहिला प्रश्न 'पूर्ण नाव?' हाच असतो. तिथे आडनावात धंद्याची आठवण उरली, इथे आडनावाआडून दर्जा मोजला जातो. समोरचा हे दोन्ही एकाच तागडीत टाकत असेल तर त्याला एवढेच विचारा: तुमच्या यादीतल्या कोणत्या स्मिथला देवळाच्या पायरीवर अडवले?

इंग्रजी आडनाव निर्दोष आहे असेही नाही. ते अटलांटिक ओलांडून गेले तेव्हा त्याचा अर्थ पालटला. अमेरिकेत गुलाम केलेल्या कितीतरी आफ्रिकी माणसांच्या नावापुढे मालकाचे आडनाव लागले. म्हणूनच माल्कम लिटलने आपले आडनाव टाकून तिथे 'एक्स' लिहिला. पण डेव्हिड वॉकरने आपले नाव ठेवले. बाप गुलाम, आई स्वतंत्र, म्हणून तो स्वतंत्र जन्मला. बॉस्टनमध्ये त्याचे जुन्या कपड्यांचे दुकान होते. १८२९ साली त्याने गुलामगिरीविरुद्ध 'अपील' ही जळजळीत पुस्तिका काढली. खलाशांच्या हातून ती दक्षिणेत पोचली, तेव्हा तिथल्या राज्यांनी ती रोखायला कायदे केले. पुढच्याच वर्षी तो वारला. त्याचा मुलगा एडवर्ड १८६६ साली वॉकर याच आडनावाने मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळात निवडून गेला.