उष्माघात झालेल्याच्या अंगावर गार पाणी ओतायचं की नाही?

एप्रिल लागला की तो मेसेज मोबाईलवर हमखास येतो. पारा 40 च्या वर असताना थंड पाणी पिऊ नका, बारीक रक्तवाहिन्या फुटतात, असं त्यात लिहिलेलं असतं. खाली कुठल्या तरी अनामिक डॉक्टरचा हवाला आणि 'सगळ्या ग्रुपवर पाठवा' ही विनंती. मालेगावात तो जरा जास्तच मनावर घेतला जातो, कारण एप्रिल-मे महिन्यांत इथे 42-43 अंश ही बातमीसुद्धा राहत नाही. मेसेज खरा मानायचा तर अर्ध्या शहराने दोन महिने कोमट पाण्यावर काढायला हवेत.

थंड पाण्याने रक्तवाहिन्या फुटत नाहीत. गार लागलं की त्या आकसतात, ऊब मिळाली की सैलावतात. रोज आंघोळ करताना हेच होतं. पोटात गेलेलं पाणी शरीराला किती गार करतं, याचा हिशोबही सोपा आहे. फ्रिजमधलं 5 अंशांचं पाव लिटर पाणी 37 अंशांवर यायला शरीरातली फक्त 8 किलोकॅलरी उष्णता लागते. 60 किलोच्या माणसाला एक अंशाने गार करायचं तर साधारण 50 लागतात. म्हणजे अख्खा पेला रिचवूनही शरीराचं तापमान एका अंशाच्या सहाव्या भागाइतकंच उतरतं. इतक्याशा फरकाने काही फुटत नाही. हृदयाच्या ठोक्यांचा जुना आजार असलेल्या काही जणांना बर्फगार पेयाने ठोके अनियमित होण्याचा त्रास होऊ शकतो. त्यांनी घोट घोट प्यावं.

उन्हातून आल्यावर जरा टेकू दे, मग पाणी पी, असं घरोघरच्या आज्या सांगतात. दोन मिनिटं थांबल्याने नुकसान काहीच नाही. पण तहान लागलेल्या माणसाला तासभर अडवून धरणं चूक आहे.

पाणी हवं ते घामासाठी

आपल्या त्वचेचं तापमान साधारण 35 अंश असतं. हवा त्याहून गार असेल तर अंगातली उष्णता आपसूक बाहेर जाते. हवा 43 अंश झाली की उलटं होतं, हवाच अंगाला तापवते. मग शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मघाच्या हिशोबाने हे फ्रिजच्या सत्तरेक पेल्यांइतकं काम झालं. त्यामुळे पाणी माठातलं आहे की फ्रिजमधलं, हा मुद्दा दुय्यम आहे. ते पुरेसं पोटात जातंय का, हे महत्त्वाचं. उन्हात अंगमेहनतीचं काम करणाऱ्याचा तासाला लिटरभर घाम सहज जातो.

मात्र घाम वाळला तरच उपयोगाचा. नुसता निथळून जमिनीवर पडला तर पाणीही गेलं आणि मीठही, अंग गार झालं नाही ते वेगळंच. माठाचं तसंच आहे. कोरड्या हवेत तो पाझरतो आणि आतलं पाणी गार ठेवतो, पावसाळ्यात त्याचं काही चालत नाही. खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने 14 जणांचा जीव गेला. त्या दिवशी पारा 38 च्या आसपास होता, मालेगावकर ज्याला उन्हाळा म्हणणार नाहीत तेवढा. पण डोक्यावर छप्पर नव्हतं, तासन् तास बसणं होतं आणि हवा किनाऱ्याची, दमट होती.

आपली हवा कोरडी आहे म्हणून आपण सुरक्षित, असं इथून कुणी समजू नये. यंत्रमागाच्या शेडमध्ये पाऊल टाकून बघा. सुताचा धागा कोरडा पडला की तुटतो, म्हणून आत ओल जपली जाते आणि खिडक्या बंद राहतात. वर तापलेला पत्रा, खाली मोटारींची ऊब, आणि बारा-बारा तासांची पाळी. बाहेर मालेगाव असलं तरी आत खारघरची हवा असते. यात भर म्हणजे ईदला किंवा लग्नाला गावी जाऊन परतलेला कामगार. उष्णतेची सवय व्हायला शरीराला आठवडा ते दोन आठवडे लागतात, आणि कामापासून दूर राहिलं की ती हळूहळू उतरते. पहिले चार-पाच दिवस त्याला हलकं काम द्यायला हवं. व्यवहारात मात्र सुट्टीत राहिलेलं काम भरून काढायला त्यालाच जादा पाळीला उभं केलं जातं.

थंड पाण्याची ही अकारण भीती सगळ्यात महागात पडते ती इथे. कुणी मागावर बरळायला लागला, भोवळ येऊन पडला, तर त्याला सावलीत नेतात, कांदा हुंगवतात, कपाळावर ओला रुमाल ठेवतात आणि रिक्षा शोधतात. बादलीभर पाणी ओतायला हात धजावत नाही. एकदम गार पाण्याने झटका येईल, असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं.

वैद्यकशास्त्र याच्या नेमकं उलट सांगतं. शरीराचं आतलं तापमान 40 अंशांच्या पुढे गेलं आणि माणूस गोंधळला, बरळला किंवा बेशुद्ध पडला, की तो उष्माघात. घाम थांबण्याची वाट पाहू नका. काम करताना उष्माघात झालेल्याचं अंग घामाने चिंबही असू शकतं. अशा वेळी मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांचं नुकसान मिनिटामिनिटाला वाढतं. पॅरासिटामॉलचा उपयोग नसतो, कारण हा जंतूंनी आलेला ताप नव्हे. उपाय एकच, अंग गार करणं, तेही दवाखान्यात पोहोचण्याची वाट न बघता. पाणी हवेपेक्षा जवळपास 25 पट वेगाने उष्णता खेचतं. अमेरिकेत फाल्माउथ इथल्या वार्षिक शर्यतीत 18 वर्षांत 274 धावपटूंना उष्माघात झाला. सगळ्यांना बर्फाच्या पाण्यात बुडवलं गेलं आणि सगळे वाचले. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयानेही 2024 मध्ये उष्माघातासाठी वेगळा कक्ष काढला, त्यात टब आणि बर्फाचं यंत्र आहे.

कारखान्यात टब कुठून आणायचा? ताडपत्री चालते. तिच्यावर रुग्णाला झोपवा, चौघांनी कडा उचलून धरा, आत पाणी आणि फोडलेली बर्फाची लादी टाका आणि ते हलवत राहा. डोकं पाण्याबाहेर, एका माणसाने धरलेलं. एवढंही नसेल तर नळी लावून अंग सतत भिजतं ठेवा आणि जोराचा पंखा लावा. मान, काखा, जांघा इथे बर्फ ठेवा. वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्यांसाठी हीच दुसरी रीत बरी. दरम्यान कुणीतरी 108 ला फोन करावा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी मात्र घालू नये, ते फुप्फुसात जातं.

झटक्याच्या भीतीत काहीच तथ्य नाही का? आहे, पण त्याची जागा वेगळी. धडधाकट माणसाने अचानक थंड पाण्यात उडी मारली की पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत आपोआप मोठा श्वास ओढला जातो आणि ठोके, रक्तदाब चढतात. तोंड तेव्हा पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जातं. पाणी जितकं गार, तितका हा धक्का मोठा. आपल्या विहिरी उन्हाळ्यात बर्फगार नसतात, तरीही तापलेल्या अंगाने सूर मारण्यापेक्षा पायऱ्यांवरून हळूहळू उतरणं शहाणपणाचं.

उरतो प्रश्न जबाबदारीचा. 1948 च्या कारखाने अधिनियमात उन्हाळ्यात थंड पाणी पुरवण्याची सक्ती होती, पण 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच. मालेगावचे बहुतेक मागवाले त्या आकड्याच्या जवळपासही नाहीत. कायदा लागू नसला तरी एक ताडपत्री, पाण्याची टाकी, नळी आणि जवळच्या बर्फ कारखान्याचा नंबर भिंतीवर, एवढं मालकाला परवडतं. दहा-बारा शेडच्या गल्लीने वर्गणी काढून एकच संच ठेवला तरी भागेल. महापालिकेने निदान एप्रिलपूर्वी प्रत्येक गल्लीत मुकादमांना ताडपत्री धरून दाखवावी, मराठीत आणि उर्दूत. अर्ध्या तासाचं काम आहे.

आणि तो मेसेज आला की पुढे पाठवू नका.