भाच्याची भट्टी

भट्टी हा शब्द मराठीत मोठा गुणी आहे. लोहाराची भट्टी असते, परटाची असते, चुन्याची असते, चुरमुरे फोडणाऱ्या भडभुंज्याची असते. एखादे नाटक रंगले तर त्याचीही भट्टी जमली असे आपण कौतुकाने म्हणतो. मात्र या शब्दाच्या मागे 'हात' एवढी दोन अक्षरे लागली की सभ्य माणसे आवाज खाली आणतात. आमच्या धाकट्या बहिणीचा आवाज गेली दोन वर्षे असाच खाली आहे. तिचा मुलगा पुण्यात बिअर करतो.

पितो नव्हे, करतो. पिणारे भाचे पुष्कळांना आहेत. ते खपून जातात. आमचा भाचा केमिकल इंजिनियर. रंगाच्या कारखान्यात पाच वर्षे चांगल्या पगारावर होता. ती नोकरी सोडून मुंढव्याकडच्या एका लहानशा ब्रुअरीत तो गेला. सध्या त्याच्या लग्नाचे पाहणे चालू आहे, आणि मुलगा काय करतो या प्रश्नाला बहीण 'फूड प्रोसेसिंगमध्ये आहे' असे उत्तर देते. ते अगदीच खोटे नाही. पण नवरात्रात एका मुलीच्या वडिलांनी कंपनीचे नाव विचारले, तेव्हा तिचे धाबे दणाणले आणि मला फोन आला.

"दादा, तू एकदा जाऊन बघून ये. तिथं नक्की काय चालतं ते मला सांग. त्याची बाजू घेऊ नकोस. सांगण्यासारखं असेल तर मी त्यांना सांगेन, नसेल तर या स्थळाचा नाद सोडते."

बहिणीला हसू नये. आमच्या वडिलांची पिढी दारूबंदीत वाढली. १९४९ चा मुंबई राज्याचा तो कायदा नाव बदलून, ढिला होऊन, अजून जिवंत आहे. महाराष्ट्रात प्यायला आजही कागदोपत्री परवाना लागतो, आणि बिअरसाठी वयाची एकवीस वर्षे पुरी व्हावी लागतात. दारूने बसलेली दोन घरे आमच्याच आळीत आम्ही पाहिली आहेत. दुसरीकडे पुण्यात ही छोट्या ब्रुअरींची टूम चांगली रुजली आहे. २००९ साली येथे 'डूलॅली' नावाची एक निघाली. नाव ऐकून परदेशी वाटावे, पण ते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे! तिथल्या छावणीत मायदेशीच्या बोटीची वाट पाहून पाहून गोऱ्या शिपायांची डोकी फिरत, म्हणून इंग्रजीत वेड्याला 'डूलॅली' म्हणू लागले. गावाचे नाव विलायतेला गेले आणि शंभर वर्षांनी ब्रुअरी होऊन परतले.

मी गेलो तो मंगळवारी सकाळी, गिऱ्हाईक नसताना. दारातच वास आला तो दारूचा नव्हे, हॉर्लिक्सचा. भाचा गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून एका मोठ्या स्टीलच्या टाकीतून भिजलेला भुस्सा फावड्याने ओढून काढीत होता. घामाने निथळत होता. रंगाच्या कारखान्यात याला वातानुकूलित खोली होती.

"मामा, नाचणीचं सत्त्व कसं करतात?" त्याने मलाच विचारले.

"भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, जराशी भाजायची, दळायची."

"झालं. जवाचं तसं केलं की त्याला मॉल्ट म्हणतात. आईनं मला त्यावरच वाढवलं."

मोड येताना दाण्यात एन्झाइम तयार होतात. पुढे गरम पाण्यात ती पिठुळ स्टार्चची साखर करतात. म्हणून तर सत्त्वाची पेज पातळ राहते आणि तान्ह्या पोराला पचते. ब्रुअरीत तेच मोठ्या भांड्यात चालते. भरडलेले मॉल्ट साधारण पासष्ट अंश उष्ण पाण्यात तासभर ठेवायचे. दहा अंश चढले तर एन्झाइम मरू लागतात, फार उतरले तर ती आळसावतात. मग गाळायचे. गाळलेला रस त्याने मला वाटीत दिला. पाणी घातलेल्या काकवीसारखा, नुसता गोड. तो तासभर उकळायचा आणि त्यात हॉप्स घालायचे. हॉप्स म्हणजे एका वेलाची फुले, दिसायला हिरव्या सुरूच्या फळासारखी. आपल्याकडे ती बहुतेक बाहेरून येतात. ती कडूपणा देतात, वास देतात, आणि रस नासू देत नाहीत. नंतर रस गार करून त्यात यीस्ट सोडायचे आणि दोनतीन आठवडे थांबायचे.

१५१६ साली बव्हेरियाच्या राजेलोकांनी फर्मान काढले, की बिअरीत जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालू नये. यीस्टचे नाव त्यात नाही, कारण असे काही जिवंत तेथे काम करते हे कुणाच्या गावीही नव्हते. १८७६ मध्ये पाश्चरने बिअरीवर आख्खे पुस्तक लिहिले, तोवर बरीचशी अंदाजाचीच गोष्ट. आपल्या बायका विरजणाचा चमचा बाजूला काढून ठेवतात, तसे हे लोक एका घाण्याचे यीस्ट पुढच्या घाण्याला राखतात.

मला सर्वात नवल वाटले ते घासण्याचे. आधी गरम कॉस्टिक सोडा, मग पाणी, मग आम्ल, पुन्हा पाणी. टाक्या, नळ्या, झडपा, सगळे. दिवसाच्या आठ तासांपैकी सहा तास हा पोरगा भांडी घासतो. "एक नळी अस्वच्छ राहिली की हजार लिटर गटारात," तो म्हणाला. काढलेला भुस्सा मात्र वाया जात नाही. मांजरीकडचा एक गवळी टेंपो घेऊन येतो आणि म्हशींना घालतो.

मग त्याने फळकुटावर चार लहान पेले मांडले. पहिली गव्हाची बिअर, गढूळ, पिवळी. तिला चक्क वेलची केळ्याचा आणि लवंगेचा वास! केळे घातलेले नाही, लवंगही नाही. तो सारा त्या यीस्टचा प्रताप. दुसरी बेल्जियमच्या धर्तीची. तिच्यात खरोखरच धणे आणि संत्र्याची साल असते. धणे पाहून मला एकदम घरच्यासारखे वाटले. तिसरी इंडिया पेल एल. केपला वळसा घालून महिनोन्‌महिने चालणाऱ्या बोटींतून साहेबासाठी इकडे यायची तिचा वंश. टिकावी म्हणून हॉप्स भरपूर. पहिल्या घोटाला लहानपणचा काडेचिराइताचा काढा आठवला, दुसऱ्याला पपनसाची साल, तिसरा घोट मी घेतला नाही. चौथी काळी स्टाउट. भाजलेल्या जवाची, थेट करपल्या भाकरीच्या पापुद्र्याची चव. ही मला आवडली. आवडली ती आवडली.

"आणि ही अजून कुणाला दिलेली नाही," असे म्हणून त्याने कोपऱ्यातल्या लहान टाकीतून पाचवा पेला भरला. ज्वारीची! आफ्रिकेत ज्वारीची बिअर पिढ्यान्‌पिढ्या करतात, पण ते ती नितळ होईपर्यंत गाळीत नाहीत. ज्वारीला टरफल नाही, आणि गाळताना जवाचे टरफल हीच खरी चाळणी. त्यामुळे याची गाळणी दोनदा तुंबली. शिवाय ज्वारीचा स्टार्च सुटायला आच जास्त लागते, तेवढ्या आचेत एन्झाइम मरतात. म्हणून ज्वारी वेगळी शिजवून मागून जवाच्या मॉल्टमध्ये मिसळायची. पेल्यातले पेय फिके, किंचित आंबूस, आंबिलीच्या नात्यातले. उत्तम म्हणवत नाही. पण इतर चार जगात कोठेही मिळतील, ही सोलापूरच्या दाण्याची होती.

ती पिताना कोकणातली माडी मनात आली. पहाटे माडावर चढणारा भंडारी, मोहाची फुले वेचणारी ठाण्याकडची आदिवासी बाई, यांचेही कसब हेच. यीस्टला त्यात भेद कळत नाही. सरकारला कळला. १८७८ च्या अबकारी कायद्याने झाडावर कर बसला, १८९२ च्या कायद्याने ठाणे-कुलाब्यात मोहाची फुले घरात ठेवणेही अपराध झाले. त्या बाईला कुणी ब्रूमास्टर म्हटले नाही. भाच्याला म्हणतात, कारण मध्ये काचेचा पेला आणि इंग्रजी पाटी आहे. हे त्याला मी बोलूनही दाखवले. "खरं आहे, मामा," एवढेच तो म्हणाला.

"तू किती पितोस?"

"चाखतो रोज. पीत बसलो तर जीभ मरते, मग करू काय?"

"आणि जो पाचवा-सहावा पेला मागतो त्याचं काय?"

तो थोडा थांबला. "कधी नाही म्हणतो, मामा. नेहमी म्हणता येत नाही."

हे उत्तर मला गोड लागले नाही, खरे वाटले. रात्री बहिणीला सगळे तसेच्या तसे सांगितले. सत्त्व, पासष्ट अंश, म्हशी, ज्वारी, आणि हे उत्तरसुद्धा. ती मध्ये एक अक्षर बोलली नाही. शेवटी म्हणाली,

"एवढी भांडी घासायला बाया किती ठेवल्यात?"

"बाया कुठल्या? तोच घासतो."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ती हसायलाच लागली. "दादा, घरी होता तोवर यानं पाण्याचा पेला कधी विसळला नाही रे!"

दुसऱ्या दिवशी तिने मुलीच्या वडिलांना आपणहून फोन केला आणि मुलगा बिअर करतो असे स्वच्छ शब्दांत सांगितले. मोठ्या आवाजात सांगितले, असे आमचे मेहुणे म्हणतात. वडिलांचे उत्तर हा मजकूर छापायला देईपर्यंत आलेले नाही. मुलीने मात्र परस्पर भाच्याला विचारले आहे म्हणे, की ज्वारी पुन्हा लावणार आहात का, आणि या वेळी गाळणीचे काय करणार.