घंगाळ, सहा हप्त्यांत

थोडं कडू लिहितोय. रागावलात तरी शेवटपर्यंत वाचा.

मागच्या महिन्यात सूनबाईबरोबर अलकापुरीतल्या एका मोठ्या दुकानात गेलो होतो. शर्ट, चादरी, अत्तरं, मग, मेणबत्त्या, सगळं एकाच छताखाली. मधोमध काचेच्या टेबलावर पितळेचं घंगाळ, त्यात पाणी आणि गुलाबाच्या पाकळ्या. किंमत साडेसहा हजार. "सहा हप्ते, बिनव्याजी," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. सूनबाईचं एक कार्ड चाललं नाही, तिनं दुसरं काढलं. आमच्या घरात तीन कार्डं आहेत, हे मला तिथे कळलं.

दांडिया बाजारच्या आमच्या घरी अस्संच घंगाळ होतं. 1982 साली स्टीलच्या हौसेपायी आम्ही ते मोडीत घातलं, किलोच्या भावानं. आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

जुनी दुकानं फार चांगली होती असं नाही. गादीवर वीस साड्या उलगडल्या की बायकांना 'नको' म्हणायची चोरी. भावही गिऱ्हाईक बघून. 1991 साली अंधेरीत शॉपर्स स्टॉप निघालं तेव्हा मला कौतुकच वाटलं होतं. लिहिलेली किंमत, निवांत बघा, कुणी टोकणार नाही.

पण आई मंगळबाजारात यादी घेऊन जायची. यादी संपली की खरेदी संपली. या दुकानांत यादी चालतच नाही, कारण तिथे चादर हे नुसतं निमित्त. विकायचं असतं ते 'आपण कसे दिसू' याचं चित्र. चादरीला शोभेल अशी उशी हवी, उशीला शोभेल असा दिवा. चित्र कधी पुरं होत नाही.

आणि 'बिनव्याजी'? पस्तीस वर्षं बँकेत काढली म्हणून सांगतो, तसं काही नसतं. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेनं 2013 साली बँकांना बजावलं होतं. व्याज किमतीत असतं, प्रोसेसिंग फीत असतं, नाहीतर रोखीवाल्याला मिळणारी सूट तुम्हाला मिळत नाही. कार्डाचं बिल थकलं तर महिना पावणेचार टक्क्यांपर्यंत, म्हणजे वर्षाला 45. आपण सावकाराला उगाच शिव्या घातल्या.

दोष मुलांना देऊ नका. पितळ गावंढळ, गोधडी गरिबाची, पाटावर बसणं मागासलेलं, हे त्यांना आपणच शिकवलं. आपण लाज शिकवली, म्हणून आज दुकानदार तोच अभिमान हप्त्यानं विकतोय.

घंगाळ त्या दिवशी घेतलं नाही. घरी आल्यावर माळ्यावरून आईचा तांब्याचा हंडा काढला. सूनबाईनं आणि मी चिंच लावून घासला. हात दुखले, पण असा लखलखला! आता हॉलमध्ये आहे. तिनं त्यात मनीप्लँट लावलंय. आईला पटलं नसतं, मला चालतं.

तेव्हा मंडळी, दुकानात जायच्या आधी एकदा आपल्या माळ्यावर चढा. आणि मुलांना विचारा, कार्डं किती आहेत.