बँकेला विचारायला लाज कसली?



भद्रकाली मार्केटमध्ये भाजीवालीने जुडीचे वीस सांगितले तर आपण पंधराला मागतो. सराफ बाजारात घडणावळीवरून अर्धा तास घासाघीस करतो आणि त्यात आपल्याला काही कमीपणा वाटत नाही. पण क्रेडिट कार्डाचं बिल आलं की आपण एकदम गप्प होतो. छापलेला आकडा म्हणजे जणू दगडावरची रेघ!

मीही तशीच गप्प होते. मुलाच्या कॉलेज प्रवेशाच्या वेळी लॅपटॉप आणि क्लासची फी मिळून ४०,००० रुपये माझ्या कार्डावर गेले. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरमधून फेडीन, असं मी यांना सांगितलं होतं. त्या वर्षी ऑर्डरी कमी आल्या. बिलावर ‘किमान देय रक्कम २,०००’ असं लिहिलेलं असायचं, तेवढे भरून मी मोकळी व्हायचे. असे पाच महिने गेले. घरात कुणाला बोलले नाही. एकदा तारीख चुकली, तर उशिराचा दंडही लागला.

मग एका दुपारी सासूबाई झोपल्यावर वही घेऊन बसले. माझ्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. ४०,००० वर महिन्याचं व्याज १,४०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २५२. म्हणजे मी भरलेल्या २,००० पैकी १,६५२ रुपये व्याज आणि करातच गेले, मूळ रक्कम फक्त ३४८ ने उतरली! पाच महिन्यांत १०,००० भरूनही मुद्दल दोन हजारांनीसुद्धा कमी झालं नव्हतं. शिवाय मागची बाकी शिल्लक असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, हेही तेव्हाच कळलं. किराणा त्याच कार्डावर घेत होते, त्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागत होतं.

त्या संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. “आधी का नाही बोललीस?” एवढंच म्हणाले. तेच जास्त लागलं.

आता फोन करायचा होता. माझी भावजय म्हणाली, “वन्सं, सरळ सांगा की दुसऱ्या बँकेने कार्ड दिलंय, हे बंद करते. लगेच नरमतात.” हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. व्यवहारात असं चालतंच, असं तिचं म्हणणं. पण मला दुसऱ्या बँकेने काही दिलं नव्हतं. व्रतांच्या पुस्तकात सत्य आणि अचौर्य वाचायचं आणि फोनवर खोटं बोलायचं, हे मनाला पटेना. आणि व्यवहाराच्या दृष्टीनेही ते कच्चं होतं. बाकी असताना कार्ड बंद होत नाही, आणि माझी बाकी समोरच्याला पडद्यावर दिसतच होती. ज्या धमकीत दम नाही ती देऊन आपणच हलके पडतो.

म्हणून खरं तेच सांगितलं. “दादा, सहा वर्षांपासून कार्ड आहे, एकदाच तारीख चुकली. महिन्याला साडेतीन हजार नक्की भरू शकते, जास्त नाही. व्याज कमी होईल असा काय मार्ग आहे?” पहिल्या फोनला मुलगा म्हणाला, “मॅडम, व्याजदर बदलत नाही.” पण दंड त्याने परत केला. दोन दिवसांनी पुन्हा फोन केला आणि बाकीचे हप्ते पाडण्याबद्दल विचारलं. तेव्हा साधारण ३८,००० चे बारा हप्ते, वर्षाला १६ टक्क्यांनी करून मिळाले. हप्ता ३,४५० च्या आसपास. वर्षाचं व्याज साधारण ३,४००, त्यावर जीएसटी आणि एकदाच घेतलेलं प्रक्रिया शुल्क वेगळं. दोन-दोन हजार भरत राहिले असते तर वर्षाचं व्याजच पंधरा हजारांच्या घरात गेलं असतं, आणि बहुतेक मुद्दल तसंच उरलं असतं. आधी कापलेलं व्याज मात्र परत मिळालं नाही. ते माझ्या गप्प बसण्याचं मोल.

माझं मत सांगते. बँकेकडे सवलत विचारणं ही लाचारी नाही. या व्याजाला वरची ठरलेली मर्यादा आज नाही. ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज नको, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय होता, तो सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा आपल्यासाठी कुणी दुसरं भांडेल, ही आशा सोडा. आपल्यालाच विचारावं लागेल.

मात्र विनंती कोणती आणि हक्क कोणता, हे माहीत हवं. दंड माफ करणं, वार्षिक शुल्क सोडणं, बाकीचे कमी व्याजाने हप्ते पाडणं, या विनंत्या. बँक हो म्हणेल किंवा नाही. पण रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनी काही गोष्टी आपल्या हक्काच्या केल्या आहेत. बाकी पूर्ण भरलेली असेल तर कार्ड बंद करण्याचा अर्ज सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण व्हायला हवा. नाही झाला तर बँकेने त्यापुढच्या दर दिवसाचे ५०० रुपये आपल्याला द्यायचे. देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच उशिराचा दंड लावता येतो, आणि तोही उरलेल्या रकमेवर, सगळ्या बिलावर नाही. आपल्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादा वाढवता येत नाही. बिलाची तारीख निदान एकदा तरी बदलून मागता येते. घरात पगार किंवा दुकानाचा पैसा ज्या तारखेला येतो, त्यानंतरची तारीख मागून घ्या, अर्धी चुकामूक तिथेच टळते.

फोन करताना नंबर कार्डाच्या मागचाच घ्या, इंटरनेटवर शोधलेला नको. “तुमचं व्याज कमी करून देतो” असा फोन समोरून आला तर ठेवून द्या आणि आपण स्वतः लावा. ओटीपी, पिन किंवा कार्डामागचे तीन आकडे कुणालाही सांगू नका. तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव वहीत लिहा. हप्ते घेताना प्रक्रिया शुल्क किती आणि लवकर फेडलं तर दंड किती, हे विचारल्याशिवाय हो म्हणू नका. आणि ‘सेटलमेंट’ हा शब्द आला तर थांबा. थोडे पैसे भरून खातं मिटवलं की तशी नोंद सिबिलमध्ये राहते आणि पुढे मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज घेताना आडवी येते. बँकेने लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

बोलताना आवाज चढवू नका. समोरचा मुलगाही कुणाचा तरी मुलगा आहे, व्याजदर त्याने ठरवलेला नाही. त्याला जमत नसेल तर “वरिष्ठांशी बोलायला द्या” एवढं म्हणा. रागाने कर्मबंध होतो तो आपला, व्याज एक पैसाही कमी होत नाही.

हप्ते सुरू झाले त्याच आठवड्यात मी आणखी एक फोन केला. माझी मर्यादा दीड लाखाची होती, ती पन्नास हजारांवर आणून मागितली. त्या मुलाला नवल वाटलं. “मॅडम, लोक वाढवून मागतात,” म्हणाला. मी हसले. आपल्याकडे परिग्रह परिमाण व्रत आहे ना, आपल्या गरजेची मर्यादा आपण आखायची. ती बँकेला का आखू द्यायची?

शेवटचा हप्ता अजून चार महिन्यांवर आहे. वही आता स्वयंपाकघरातल्या फळीवर उघडी असते, कुणीही बघावी. तुमच्यापैकी जी कुणी दर महिन्याला गुपचूप ‘किमान रक्कम’ भरत असेल, तिने आधी घरात बोलावं आणि मग बँकेला फोन करावा.