हनुवटीखाली एक वीत

संभाजीनगरच्या मोबाइल दुकानांत हजार-दीड हजारात बिनतारी माइकची जोडी मिळते आणि यूट्यूब चॅनेल काढायला निघालेला माणूस बहुधा तीच उचलतो. त्याआधी फोनवर नाहीतर कॅमेऱ्यावर पन्नास-साठ हजार गेलेले असतात. आवाजाच्या वाट्याला उरलेसुरले. लग्नाचे शूटिंग करणाऱ्याचे हे गणित एक वेळ समजू शकते. गिऱ्हाईक ड्रोन बघून पैसे मोजते, माइक बघून नाही, आणि शेवटी सगळ्यावर गाणेच चढवायचे असते. पण स्पर्धा परीक्षांचे वर्ग, शेतीचा सल्ला, गावची बातमी, जुन्या माणसांच्या मुलाखती, म्हणजे जिथे कुणीतरी बोलते आहे म्हणूनच आपण बघतो, तिथे हे गणित साफ चुकते. चेहरा थोडा काळवंडला, चित्र थोडे हलले तर लोक चालवून घेतात. शब्द कळेनासा झाला की अंगठा पुढच्या व्हिडिओकडे सरकतो. आणि ही चूक सुधारायला फारसा पैसाही लागत नाही.

दुकानात माणूस कंपनी विचारतो, किंमत विचारतो, हा माइक तोंडापासून किती लांब राहणार हे स्वतःलाही विचारत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. हनुवटीखाली वीतभर अंतरावर टाचलेला माइक आणि दोन मीटरवर कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेला माइक यांत आठपटीहून अधिक फरक आहे. म्हणजे थेट बोलण्याची जी ऊर्जा पहिल्याला मिळते, तिचा चौसष्टावा हिस्साही दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. पंखा, कुलर, बाहेरची रिक्षा मात्र दोघांनाही जवळपास सारखीच ऐकू येते. त्यात खोली स्वतःचे घालते ते वेगळेच. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, चार शब्द बोलून पाहावेत. दगडात कोरलेल्या फासळ्यांचे ते कमानदार छत आवाज घोळवत ठेवते. पठणाला ते शोभून दिसते, निवेदनाला नाही. उघड्या भिंती आणि फरशी असलेली आपली सिमेंटची खोली त्याच लेण्याची गरीब नातेवाईक आहे. अशा खोलीत लोक लांब नळीचा शॉटगन माइक आणतात, पण भिंतींवरून परतलेला आवाज चहूबाजूंनी येऊ लागला की त्या नळीचीही मात्रा चालत नाही. त्यापेक्षा कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या बाजूला दोन जाड गोधड्या टांगाव्यात.

मग घ्यायचे काय? माझे मत जुनाट वाटेल: कॉलरला लावायचा वायरवाला माइक. बोयाचा बीवाय-एम१ किंवा त्याच जातीचा दुसरा, हजाराच्या आतबाहेर मिळणारा. त्याच्या सहा मीटर तारेला लोक हसतात, पण तार चार्ज करावी लागत नाही आणि गर्दीत कुणाच्या वायफायशी भांडत नाही. या माइकच्या डबीत बटन सेल असतो आणि बाजूला फोन की कॅमेरा असा खटका. काम झाल्यावर खटका परत फोनकडे केला नाही तर पुढच्या खेपेला सेल संपलेला. पिनेकडेही नीट पाहावे: फोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, कॅमेऱ्याच्या पिनेवर दोन. फाइलमध्ये आवाजच आला नाही, अशा कितीतरी तक्रारींचे मूळ या एका रेघेत असते. बऱ्याच नव्या फोनला गोल भोकच नसते. कन्व्हर्टर घ्यावा लागतो आणि प्रत्येक कन्व्हर्टर माइक चालवतोच असे नाही. दुकानातच लावून, बोलून, हेडफोनने ऐकून मगच पैसे द्यावेत. माइक टाचतानाही हाताशी डोळे हवेत. मंगळसूत्राचे मणी, पदराची जर, उपरण्याची घडी यांतले काहीही माइकला घासले की प्रत्येक श्वासाला खसखस येते, आणि ती नंतर निघत नाही.

रेकॉर्डर बहुतेक घरांत आधीच असतो. जुना, स्क्रीन तडकलेला फोन विमान मोडवर टाकून बोलणाऱ्याच्या खिशात ठेवावा, माइक त्याला जोडावा आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवावी. चित्र आणि आवाज जुळवायला तेवढी खूण पुरते. वेगळे यंत्र घ्यायचेच तर आठ-दहा हजारांच्या घरातले झूमचे एच१ एसेन्शियल ३२ बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करते, म्हणजे लेव्हल चुकली तरी नंतर बरीचशी सावरता येते. कॅमेरा, प्रश्न आणि आवाज एकटाच सांभाळणाऱ्यासाठी ही सोय मोलाची आहे. पण कितीही बिट घेतले तरी माइक तोंडाजवळ आपल्यालाच सरकवावा लागतो. जागा पुरत नाही म्हणून आवाज दाबून एमपी३ करण्यातही अर्थ नाही; ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट असा एका माइकचा तासभर आवाज सुमारे ५२० एमबीत मावतो.

बिनतारी माइक सरसकट वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. तुरीच्या शेतात चालत बोलणारा शेतकरी किंवा अजिंठ्यात पर्यटकांना फिरवणारा गाइड तारेला बांधून ठेवता येत नाही. तिथे ज्याच्या ट्रान्समीटरमध्येच आवाज साठतो असा संच घ्यावा, म्हणजे सिग्नल तुटला तरी साक्ष तुटत नाही. अडचण स्वस्त, बिननावाच्या जोडीची आहे. तिच्यातले ‘नॉइज रिडक्शन’ काय पुसते यावर आपला ताबा नसतो.

यावर हल्ली एक हुकमी उत्तर मिळते: रेकॉर्डिंग कसेही करा, एआय साफ करून देईल. देते, बऱ्याच वेळा. पण साफ करायचे काय, हे सॉफ्टवेअरला अंदाजाने ठरवावे लागते, आणि एकसुरी चालणारा आवाज म्हणजे कचरा, हा त्याचा सोपा अंदाज. हेमा राईरकर आणि गी पॉयतवॅं यांनी १९८०च्या दशकापासून महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ध्वनिमुद्रण झाले ते त्यांतल्या थोड्यांचेच. त्या ओव्यांमागची जात्याची घरघर कुठल्याही फिल्टरला पंख्याच्या घरघरीसारखीच वाटेल. पण गाणाऱ्या बाईचा ठेका त्या दगडाने धरलेला असतो; घरघर काढली की ओवी अधांतरी लोंबकळते. नव्वदीतल्या माणसाचे बोळके तोंड, अर्धवट गिळलेले अक्षर, मराठवाड्याच्या बोलीतला हेल यांचेही तेच. जो अक्षराचा तुकडा माइकपर्यंत पोचलाच नाही, तो सॉफ्टवेअर आणणार कुठून? ते आपल्या मनाचा तुकडा बसवते, आणि तो ऐकायला छान लागतो म्हणून जास्त धोक्याचा.

दुसरा आक्षेप अधिक रोकडा आहे: लोक फोनच्या स्पीकरवर, एसटीत बसून बघतात, त्यांना एवढे कुठे कळते? मला वाटते नेमके तिथेच कळते. फोनचा स्पीकर खालचे सूर जवळजवळ गाळून टाकतो आणि एसटी स्वतःची भर घालते. उरतात ती व्यंजने, आणि खोलीत घुमून पुसट झालेले बोलणे पहिल्यांदा हरवते ती व्यंजनेच. वाईट ऐकायच्या सोयीसाठी वाईट रेकॉर्डिंग चालेल, हा हिशेब उफराटा आहे.

आणि काही बोलणे दुसऱ्यांदा मिळतच नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. तो दिवस पंधराव्या वर्षी पाहिलेला माणूस आज नव्वदीच्या पलीकडे आहे. रझाकारांच्या काळात घरातले धान्य कुठे लपवले, कोण कुठल्या वाटेने सरहद्दीपलीकडच्या छावणीत गेले, हे तो एकदाच सांगेल. सिनेमावाल्यांपाशी डबिंगचा पर्याय आहे; साक्षीदाराला स्टुडिओत नेऊन तेच वाक्य पुन्हा म्हणवून घेता येत नाही. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली मुंबईत आला तेव्हा डबिंगही नव्हते. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून गाड्या थांबल्यावर, रात्री उशिरा शूटिंग व्हायचे. यंत्र मोठे असो वा छोटे, गोंगाट नसलेली वेळ शोधण्याला तेव्हाही पर्याय सापडला नव्हता.

आपल्याकडची ही वेळ ठरवतो तो कुलर. मे महिन्यात पारा बेचाळीसवर असताना म्हाताऱ्या माणसाला कुलर बंद करायला सांगणे अमानुष आहे, आणि तो चालू ठेवला तर पत्र्याच्या त्या खोक्यापुढे वीतभर अंतरावरचा माइकही हात टेकतो. म्हणून मुलाखत सकाळी सहाला सुरू करावी आणि आठला उठावे. निघण्यापूर्वी सगळ्यांनी गप्प बसून त्या खोलीची अर्ध्या मिनिटाची नुसती शांतता रेकॉर्ड करावी. काटछाट करताना दोन वाक्यांमधले भोक बुजवायला तीच लागते. तेवढ्यात शेजारी कुकरची शिट्टी झाली, तर पुन्हा अर्धे मिनिट.