नागरिकशास्त्र फुकट मिळते

ना.शा. म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाची मागची पाने, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पुढच्या पानांवर शिवाजी महाराज, गड, लढाया. मागच्या पानांवर ठराव, समिती, सदस्यसंख्या. मग परीक्षेच्या आदल्या दिवशी मागची पाने घोकायची आणि पेपर झाला की सोडून द्यायची. माझे मत असे आहे की हा विषय घोकायचा नाहीच. तो खेळायचा आणि बघायचा आहे, आणि त्याला एक पैसा लागत नाही.

कोणी म्हणेल, मोबाईलवर सगळे फुकट आहे की! खरे आहे. बालभारतीची पुस्तके मोबाईलवर उतरवून घेता येतात. पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा ॲप उघडते. अधिवेशन चालू असले की संसद टीव्हीवर प्रश्नोत्तराचा तास दिसतो, तो मोठ्यांनीही बघावा. पण मोबाईल बाबांच्या खिशात, बाबा कांद्याच्या शेतात आणि रेंज डोंगरापलीकडे, मग कसे करायचे? शिवाय मोबाईल बघताना आपण गप्प बसतो. नागरिकशास्त्रात गप्प बसून कसं चालेल?

म्हणून आधी खेळ सांगतो. शाळेच्या मंत्रिमंडळाची निवडणूक आपण हात वर करून उरकतो. ज्याची टोळी मोठी तो मुख्यमंत्री. त्यापेक्षा देशाची पहिली निवडणूक करून बघा. १९५१-५२ साली ती झाली तेव्हा पुष्कळ लोकांना वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली होती आणि पेटीवर त्याचे चिन्ह लावले होते. मतदाराने आपली चिठ्ठी आडोशाला जाऊन हव्या त्या पेटीत टाकायची. आपल्याला त्यासाठी काडेपेटीच्या रिकाम्या डब्या आणि एक गोधडी आडोशाला पुरे. आडोसा असला की टोळीची भीती राहत नाही. गुप्त मतदान कशासाठी, हे तेव्हा आपोआप कळते. तेव्हा मताचे वय २१ होते. १९८९ साली ६१ वी घटनादुरुस्ती होऊन ते १८ झाले. आपल्या आजोबांना विचारा, त्यांनी पहिले मत कितव्या वर्षी दिले.

दुसरा खेळ चिंचोक्यांचा. प्रत्येकाला दहा चिंचोके द्यायचे. जमिनीवर खडूने चार घरे आखायची : पाणी, रस्ता, दिवाबत्ती, शाळा. आपापले चिंचोके वाटून टाकायचे, आणि का टाकले ते उभे राहून सांगायचे. विहीर लांब असलेल्या पाड्यावरची मुलगी सगळे दहा पाण्यावर टाकेल. ज्याच्या दारात नळ आहे तो रस्त्यावर टाकेल. मग भांडण होते, आणि तिथेच खरा धडा सुरू होतो. दोघांचेही खरे आहे, पण चिंचोके तेवढेच. पंचायतीचे अंदाजपत्रक म्हणजे हेच. भांडण झाले की एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे, आणि एकाने प्रोसिडिंगच्या वहीत लिहायचे. वही मात्र नीट ठेवा. नाहीतर पुढच्या वेळी "मी असं म्हटलोच नव्हतो" सुरू होते.

आता बघायचे ते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ग्रामसभा भरवायची पद्धत आपल्याकडे आहे. आपल्याला तिथे मत नाही, पण मागे बसून ऐकू द्यावे अशी मोठ्यांना विनंती आहे. बायकांची सभा त्याआधी वेगळी घ्यायची असते, तिला मुलींनी आईबरोबर जावे. आणि आपला कळवण तालुका सबंध अनुसूचित क्षेत्रात येतो. इथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४ साली झाले. त्याप्रमाणे एखाद्या पाड्यालाही आपली वेगळी ग्रामसभा मागता येते. पुण्या-मुंबईच्या मुलांना हे पुस्तकात वाचावे लागते. आपल्याला नुसते पाराजवळ जायचे आहे!

रेशन दुकानाचा फलकही वाचण्यासारखा आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य धरले आहे. आपल्या कार्डावरची माणसे मोजा, गुणाकार करा, घरी आलेले धान्य ताडून बघा. गणिताचाही अभ्यास होतो.

काही मोठी माणसे म्हणतात, "पोरांनो, राजकारणात पडू नका." पण मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकरी चालत गेले. त्यात कळवण, सुरगाणा, दिंडोरीकडची खूप माणसे होती. मुख्य मागणी वनजमिनीची होती. तेव्हा दहावीची परीक्षा चालू होती. मुलांचा खोळंबा नको म्हणून ते शेवटचा टप्पा रात्री चालून पहाटे आझाद मैदानावर पोचले. आपले म्हणणे मांडायचे आणि दुसऱ्याच्या पोरांची अडचण करायची नाही. याला राजकारण म्हणा नाहीतर नागरिकशास्त्र म्हणा, मला ते शिकायला आवडेल.

शेवटी आलेल्या पालकांना एक विचारायचे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत चारांत तीन सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असतात. शाळेच्या पैशाचा हिशेब, पाणी, स्वच्छतागृह सारे त्या सभेत बोलता येते. पण सभा दुपारी असली तर मजुरीला जाणाऱ्या आईने कसे यावे? आली तर रोज बुडतो. न आली तर कागदावर नाव, आणि बोलणार दुसरेच. कांदा लागवडीच्या आणि काढणीच्या दिवसांत तर कोणीच येऊ शकत नाही. म्हणून त्या महिन्यांत सभा संध्याकाळी दिवेलागणीनंतर शाळेच्या ओट्यावर घ्यावी, असे मी सुचवतो. सतरंजी आम्ही मुले अंथरू. अनुमोदन कोण देतो?

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी